पलीकडे भेटलेली पांझरा

आमची नदी चुकीच्या दिशेला जाते, असं मला लहानपणी बरीच वर्षं वाटत होतं. समुद्र मावळतीला आहे हे शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात दिसायचं, आणि पांझरा मात्र पिंपळनेरच्या वरच्या डोंगरातून निघून, आमच्या गावाला वळसा घालून, उगवतीला धुळ्याकडे चालू लागायची. मी एकदा गुरुजींना तसं विचारलं. गुरुजींनी खडूने फळ्यावर एक वाकडी रेघ काढली. नदी धुळ्याला जाते, पुढे उत्तरेला वळते, तापीला मिळते, आणि तापी तिला पदरात घेऊन पुन्हा मावळतीला, गुजरातेत नेते. "म्हणजे ती मागे फिरते?" मी विचारलं. "फिरते," गुरुजी म्हणाले, "पण आपल्या गावात येत नाही." त्या उत्तराने मी कितीतरी दिवस हरवल्यासारखी झाले होते. नदी परत येते आणि घर चुकवून पुढे जाते, हे मला फार एकटेपणाचं वाटलं.

आमचं घर गावाच्या खालच्या अंगाला, काठाशीच होतं. ओट्यावर नानांचं शिलाई मशीन. नाना म्हणजे माझे वडील. तरुणपणी धुळ्याच्या एका दुकानात ते शिवण शिकले आणि मशीन घेऊन गावी परतले. त्या मशीनचा आवाज हीच आमच्या घराची लय होती. मायच्या भाकरीची थाप, मशीनची खडखड आणि मागे नदीचा बारीक सूर, या तिन्हींत मी झोपायचे आणि उठायचे. नाना दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करत तेव्हा डोळे बारीक करत, आणि त्या क्षणी घरात कुणी बोलायचं नाही असा एक न ठरवलेला नियम होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिच्याखाली सुताची रिळं रांगेने ठेवलेली असत. लाल, हिरवं, आणि एक मोरपंखी, जे नाना कुणासाठीच वापरत नसत. का, ते मी कधी विचारलं नाही. आता विचारायला कोणी नाही.

घरात चौथं माणूस अक्का. नानांची थोरली बहीण, माझी आत्या, पण सगळं गाव तिला अक्का म्हणे म्हणून मीही. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांतच तिचा नवरा गेला आणि ती आमच्याकडे आली ती आलीच. उंच, हाडापेराने मोठी, दातांना मिश्री लावलेली बाई. तिच्या हातची कळण्याची भाकरी आणि दगडावर रगडलेला मिरचीचा ठेचा, त्यावर कच्च्या शेंगदाणा तेलाची धार, याची चव मला अजून जिभेच्या कडेला लागते. उन्हाळ्यात ती ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, घालायची. ओले असताना आम्ही पोरी ते चोरून खायचो आणि ती पाठ करून उभी राहायची, म्हणजे चोरायला सोपं जावं. पण एका बाबतीत ती दगडासारखी होती. पाण्यासाठी कुणापुढे हात जोडायचे नाहीत. तिच्या लहानपणी आमच्या लोकांना गावविहिरीपासून लांब उभं राहावं लागे आणि वरून कुणी ओतेल तेवढंच ओंजळीत घ्यावं लागे. ते तिने पाहिलं होतं, भोगलं होतं. "तहान लागनी तं सांगानं, मांगानं नही," ती म्हणायची. तहान लागली तर सांगायचं, मागायचं नाही. या दोन्हींत काय फरक आहे, ते मला तेव्हा कळत नसे.

मग ती दोन वर्षं आली. पाऊस आलाच नाही असं नाही. तो आला, पण वाट चुकलेल्या पाहुण्यासारखा, भलत्या दिवशी, भलत्या शिवारात, आणि पेरलेलं सुकून गेल्यावर. नदी आधी अंगाने बारीक झाली, मग तिचे डोह राहिले, मग डोहांच्या जागी वाळूत हातभर झिरे. बायका झिऱ्यापाशी वाटी घेऊन बसायच्या. एक वाटी भरायची, हंड्यात ओतायची, पुन्हा पाझरायची वाट पाहायची. मी मायबरोबर तिथे बसून वाळूतून वर येणाऱ्या पाण्याकडे बघत राहायचे. ते झोपेतून उठावं तसं हळू यायचं. घरात मशीन थांबलं होतं. भाकरीचीच भ्रांत तिथे नवं पोलकं कोण शिवणार? "कपडा ही भरल्या पोटाची हौस," नाना म्हणाले. मशीन थांबलं तेव्हा कळलं की घर किती रिकामं वाटू शकतं.

दिवाळी सरताच गंगाराम मुकादम गावात आला. तो दरवर्षी डोंगराकडच्या पाड्यांवरून माणसं गोळा करून गुजरातेत ऊसतोडीला नेई. त्या वर्षी आमच्या गावातलीही नावं त्याच्या वहीत चढली. दोन माणसांचा मिळून एक कोयता. नाना आणि माय हा एक कोयता झाला. मला बरोबर नेणं भागच होतं. अक्काबद्दल मुकादम म्हणाला, "म्हातारं माणूस आठेच, घरी राहू द्या."  ट्रक आला त्या सकाळी अक्का सगळ्यांच्या आधी चढून, पाय पसरून, पिठाच्या डब्याला टेकून बसली होती. नानांनी मशीनही चढवलं. तोडणाऱ्यांचे कपडे फाटतातच, संध्याकाळी शिवता येतील, असं ते म्हणाले. पण मला वाटतं, त्यांना ते घरात एकटं सोडवत नव्हतं.

चरणमाळच्या घाटातून ट्रक उतरला, नवापूर मागे पडलं, आणि मी उभी राहून सरहद्द शोधू लागले. नकाशात ती ठळक होती, तुटक-तुटक. मला वाटलं होतं, जमिनीवर निदान चुना टाकलेला असेल. पण तीच सागाची झाडं, तीच लाल माती, तसेच बांबूचे कूड असलेले पाडे. फक्त एका पाटीवरची अक्षरं बदलली. ती आमच्या अक्षरांसारखीच होती, पण त्यांच्या डोक्यावरची रेघ कुणीतरी काढून घेतली होती. पुढे नाका लागला. तिथल्या खाकीतल्या माणसाने मशीन पाहिलं आणि विचारलं, "इसका कागज?" नानांकडे कागद नव्हता.  नाना खाली उतरले, हात बांधून उभे राहिले. त्या माणसाच्या सदऱ्याचा खिसा एका बाजूने उसवून लोंबत होता. नानांची नजर तिथेच गेली; शिंप्याची नजर, तिला इलाज नसतो. "साहेब, सदरा काढून द्या, दोन मिनिटं," ते म्हणाले. रस्त्याच्या कडेला, चिंचेखाली मशीन उतरलं. साहेब बनियनवर उभे, नाना खाली बसून खिसा शिवतायत, आणि ट्रकमधली पन्नास माणसं वरून बघतायत. साहेबांनी सदरा घालून खिशात हात घातला, काढला, पुन्हा घातला. "जाओ," ते म्हणाले. पुढे कितीतरी वेळ अक्का हसत होती. माझ्या नानांना मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा हात बांधून उभं राहिलेलं पाहिलं होतं, आणि मला हसू येत नव्हतं.

दुपारी आम्ही पडावावर पोचलो. ऊसतोड्यांच्या खोपट्यांच्या वस्तीला तिकडे पडाव म्हणतात. बांबूच्या कमानी, त्यावर उसाचं पाचट आणि प्लास्टिकचा कागद. आत माणूस बसू शकतं, उभं राहू शकत नाही. पण ते सगळं मी नंतर पाहिलं. आधी दिसला कालवा. खोपट्यांच्या मागून तो जात होता, काठोकाठ भरलेला, हिरवट, आवाज न करता वाहणारा. दोन वर्षांत आम्ही एवढं पाणी एका जागी पाहिलं नव्हतं. माय डोक्यावरचं बोचकं खाली ठेवायचं विसरून तशीच उभी राहिली. अक्काने मुकादमाला विचारलं, "इतलं पानी कोठून येस रे भाऊ?"

"तापीवरच्या मोठ्या धरणातून."

"अन् तापीमा कोठून येस?"

मुकादम हसला. "तुमच्याकडूनच की. धुळे, जळगाव, सगळ्या खानदेशातून."

मी ओरडलेच, "अक्का, गुरुजींनी सांगितलं होतं! आपली पांझरा इथे येते." अक्का काठावर बसली. लुगडं सावरून तिने दोन्ही पाय पाण्यात सोडले. मग स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाली, "मंग आपली माय आपल्या आधी आठे ऊनी." मग आपली आई आपल्या आधीच इथे आली.

तो हिवाळा मला धुक्यातल्यासारखा आठवतो. पहाटे तोडणारे निघून जायचे. उसाच्या पानांची सळसळ, कोयत्यांचा ठक-ठक आवाज, बैलगाड्यांच्या घुंगरांचा नाद लांबून यायचा. सगळीकडे एक गोड, किंचित आंबूस वास भरलेला असे. तो कपड्यांत, केसांत, भाकरीतही उतरायचा. नानांची शिवणकामाची बोटं उसाच्या पानांनी कापली जायची. संध्याकाळी त्याच बोटांना फडकी गुंडाळून ते मशीनवर बसत. पडावात ठिकठिकाणची माणसं होती. साक्रीची, नवापूरची, डांगातली. फाटलेलं घेऊन सगळी आमच्या खोपटापाशी येत आणि शिवून होईतो आपापल्या बोलीत बोलत बसत. अक्का त्यात सुखी होती. तिला बोलायला इतकी माणसं आयुष्यात कधी मिळाली नव्हती.

पडावाजवळच्या गावातल्या शाळेत एक बेन, म्हणजे बाई, होत्या. मी चार दिवस शाळेच्या दाराबाहेर बसले, पाचव्या दिवशी त्यांनी मला आत ओढलं. "नाम शुं?" "विमल." त्यांनी पाटीवर माझं नाव लिहिलं, बिनरेघेचं. मला वाटलं, माझं नाव उघड्यावर आलंय. पण महिन्याभरात ती अक्षरं माझी झाली, आणि संक्रांतीपर्यंत बोलणंही. पडावात कुणाला दुकानात जायचं असलं, कुणाला दवाखान्यात चिठ्ठी दाखवायची असली की मला नेत. मी दहा-अकरा वर्षांची पोर, मोठ्या माणसांच्या मधे उभी राहून इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करायचे. या कामात एक गोष्ट मी लवकर शिकले आणि तिची मला मोठी ऐट होती. कडक बोलणं मऊ करून पुढे द्यायचं. दुकानदार खेकसला तर मी आमच्या माणसांना सांगायचे, "ते म्हणतात थोडं थांबा." आमचं कुणी चिडून बोललं तर दुकानदाराला सांगायचे, "ते विनंती करतात." सगळे खूश. आपण फार शहाण्या आहोत असं मला वाटे.

चैत्रात एका सकाळी कालवा खाली गेलेला दिसला. दुसऱ्या दिवशी आणखी. धरणातच पाणी राहिलं नाही म्हणून सोडणं बंद केलं, असं मुकादम सांगत आला. आमच्याकडे पाऊस नव्हता, मग धरणात तरी येणार कुठून? आमच्या दुष्काळाला इथवर यायला सहा महिने जास्त लागले, एवढंच. चार दिवसांत कालव्याच्या तळाला हिरवी डबकी राहिली. फडाच्या मालकाची कूपनलिका होती, पण तिच्या खोलीला कुलूप लागलं. गावाचे नळ तासभर यायचे, तिथे पडावातली बाई दिसली की गावच्या बायका हंडे आडवे धरायच्या. मग पडाव डबक्यांतलं पाणी पिऊ लागला. उसावर फवारलेलं औषध, गुरांचं शेण, सगळं त्यात उतरलेलं. जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आमच्या शेजारच्या खोपटात नवापूरकडची जिजा होती, तिची वर्षाची मुलगी. तिला घेऊन जिजा आणि मी दवाखान्यात गेलो. मी बोलले, डॉक्टरांनी औषध दिलं, उकळलेलं स्वच्छ पाणी पाजा म्हणाले. स्वच्छ पाणी कुठून आणायचं, हे मी त्यांना विचारलं नाही. 'बरं' म्हणून आले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती मुलगी गेली. जिजा रडली नाही. पोरीचं झबलं नानांनीच शिवलं होतं. ते हातात घेऊन ती उसवलेली शिवण शोधत असल्यासारखी चाचपत बसली.

मी पुढे परिचारिका झाले, तालुक्याच्या दवाखान्यात पंचवीसेक वर्षं काढली. अनेक लेकरं हातावर आली, काही गेली. पण "बरं" म्हणून परत आलेली ती दुपार मी कधी कुणाला सांगितली नव्हती. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

जिजाची पोर गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी अक्काने हंडा घेतला. "चाल," मला म्हणाली. गावाच्या कडेला मणिबांची विहीर होती. मणिबा म्हणजे सत्तरीकडे झुकलेल्या, पांढरी साडी नेसणाऱ्या बाई. मुलगा शेती बघायचा, त्या विहिरीजवळच्या ओसरीत बसून तूर निवडत असायच्या. विहीर त्यांच्या अंगणात, रहाट असलेली, आणि तिला पाणी होतं. पाच-सहा बायका पाणी ओढत होत्या. आम्हाला पाहून एक जण म्हणाली, "आ पडाववाळां रोग लावशे." हे पडाववाले रोग आणतील. अक्का तिथेच थांबली. हंडा खाली ठेवला, दोन्ही हात कमरेवर घेतले, आणि मणिबांकडे बघत मला म्हणाली, "तिले सांग. आम्ही भीक मांगाले नही उनूत. हाई पानी आमना गावथीन येल शे. आमनी नदी आटनी, तरी तुमना कालवा भरेल व्हता, तधळ आम्ही काही बोलनूत नही. काल आमनी एक पोर गयी. आते जे शे, ते बठ्ठा वाटीसन पिसूत. सांग तिले."

हे पाणी आमच्या गावाहून आलंय. आमची नदी आटली तेव्हाही तुमचा कालवा भरलेला होता. काल आमची एक पोर गेली. आता जे आहे ते सगळे वाटून पिऊ. हे असं कसं सांगायचं? बायका थांबून बघत होत्या.  मी नेहमीचं शहाणपण केलं. हात जोडले आणि गुजरातीत म्हणाले, "बा, मारी फोई कहे छे, अमने बहु तरस लागी छे. दया करो." माझी आत्या म्हणते, आम्हाला फार तहान लागलीय. दया करा.

मणिबा माझ्याकडे बघत राहिल्या. सूप बाजूला ठेवलं. मग त्या बोलल्या, आणि त्या आमच्या बोलीत बोलल्या.

"खोटं काबर बोलनी व पोरी? तिनी असं नही सांगं."

खोटं का बोललीस? तिने असं नाही सांगितलं. अक्काने झटकन माझ्याकडे मान वळवली. माझे हात अजून जोडलेलेच होते. तिने ते पाहिले. मला वाटलं, ती मारेल. तिने फक्त माझे दोन्ही हात धरून एकमेकांपासून वेगळे केले आणि खाली सोडले. "फिरी सांग," ती म्हणाली. "ती समजस ते मालेबी कयनं. या बायास्ले सांग." तिला कळतं, ते मलाही कळलं, या बायांना सांग.

मी सांगितलं. जसंच्या तसं, बिनरेघेच्या त्या भाषेत, शब्द चाचपत. पोर गेली, हेही मी गाळलं नाही. रहाटाचा आवाज थांबला होता. आडवे हंडे धरणाऱ्यांतली एक बाई खाली बघू लागली.

मणिबा ओसरीवरून उतरून आल्या. त्यांचं माहेर तापीच्या काठचं होतं, वर सरहद्दीपाशी. त्या लग्न होऊन गेल्या तेव्हा ते गाव खानदेशातच होतं, घरात सगळे आमच्यासारखंच बोलत. मग दोन राज्यं झाली, रेघ सरकली, माहेर जागच्या जागी गुजरातेत गेलं. पुढे धरण झालं आणि ते पाण्याखाली गेलं. भाऊ कुठे कुठे पांगले. एक सुरतेला, एकाचा पत्ताच नाही. ती बोली बोलायला त्यांना वर्षानुवर्षं कुणी मिळालं नव्हतं. हे सगळं त्यांनी आम्हाला नंतर, तुकड्यातुकड्याने सांगितलं. त्या क्षणी त्या अक्कासमोर उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "तुमनी नदी मना माहेरवर उभी शे, बाई." तुमची नदी माझ्या माहेरावर उभी आहे.

  मग मणिबांनी स्वतः रहाटाचा दोर धरला. अक्काने दुसऱ्या बाजूने हात लावला. दोघींनी मिळून हंडा भरला.

त्या दिवसापासून सकाळी नि दुपारी पडावाच्या बायका त्या विहिरीवर जाऊ लागल्या. सगळं गाव काही लगेच विरघळलं नाही. मणिबांचा मुलगा चार दिवस आईशी बोलत नव्हता, आणि रोगाचं बोललेल्या त्या बाईने शेवटपर्यंत आमच्या हंड्याला हंडा लागू दिला नाही. पण आजार हटला. अक्का रोज दुपारी ओसरीवर जाऊन तूर निवडू लागली. दोघी म्हाताऱ्या काय बोलायच्या? मी कान देऊन ऐकायचे. कुणाकडे बिबडे कसे करतात, नागलीत मीठ कधी घालतात, पोरींना झोपवताना काय म्हणतात. मणिबांना एखादा शब्द आठवायचा नाही, मग त्या डोळे मिटून बसायच्या आणि तो सापडला की हसून मांडीवर थाप मारायच्या. झिऱ्यातून पाणी येतं तसे त्यांचे शब्द येत.

हल्ली जळगावला आमच्या गल्लीत एक इमारत उठते आहे. कामावरची माणसं सातपुड्यापलीकडून आलेली, त्यांच्याकडे गेली दोन वर्षं पीक नाही. मे महिन्यात इथलं ऊन माहीत असलेल्याला मी काय सांगावं? गल्लीतल्या नळाला कुणीतरी कुलूप लावलं. मी चावी मागायला गेले तेव्हा एक सज्जन गृहस्थ म्हणाले, "सिस्टर, तुम्ही कशाला त्यांच्यासाठी विनंती करता?" मी म्हटलं, "विनंती नाही करत, सांगते आहे." माझे हात कुठे आहेत ते मी त्या वेळी मुद्दाम पाहिलं.

त्या वर्षी वैशाखात ऊसतोड संपली. परतीचा ट्रक आला त्या दिवशी मणिबा छोटी पिशवी घेऊन पडावावर हजर. त्यांनी ऐकलं होतं, धरण इतकं खाली गेलंय की वरच्या अंगाची गावं उघडी पडलीत. मुलगा नेत नव्हता. आमचा ट्रक त्याच वाटेने जाणार होता. मुकादमाने डोकं खाजवलं, आणि अक्काने त्यांना हात देऊन वर ओढून घेतलं.

हमरस्ता सोडून ट्रक कच्च्या वाटेने थोडा आत गेला. पुढे पाणी असायचं तिथे मैलभर भेगाळलेला गाळ पसरला होता, राखाडी, उन्हात चमकणारा, आणि पलीकडे खूप लांब पाण्याची पांढरी कड. गाळात मधेच झाडांचे काळे बुंधे उभे होते आणि काही सरळ रेघा उमटलेल्या होत्या. मग मला दिसलं की त्या रेघा म्हणजे गल्ल्या आहेत. घरांच्या जोत्यांचे दगड, एक पार, एक फुटकं जातं. कुठेही आवाज नव्हता. मणिबा चालू लागल्या तशा आम्ही मागे. त्या एकदाही थांबल्या नाहीत, विचारलं नाही. पाण्याखाली पंधरा-वीस वर्षं राहिलेल्या गल्लीतून बाई अशी चालत होती की जणू बाजारातून घरी येते आहे. एका जोत्यापाशी त्या थांबल्या. दाराच्या जागी दगडाचा उंबरा तेवढा शिल्लक होता. त्यांनी वाकून पदराने त्यावरचा गाळ पुसला, पुसत राहिल्या, दगड काळा होईपर्यंत. मग उंबरा ओलांडून त्या आत गेल्या. भिंत नव्हती, छप्पर नव्हतं. त्या एका कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "आठे चूल व्हती," त्या म्हणाल्या. इथे चूल होती.

नाना, माय, पडावातली चार माणसं, आम्ही सगळे बाहेर उभे होतो. बाहेर आणि आत यांत काही फरक नव्हता, तरी कुणी पाऊल पुढे टाकलं नाही. अक्काने पायांतल्या वहाणा काढल्या. त्या उंबऱ्याच्या डाव्या बाजूला नीट जोडून ठेवल्या. मग तिथूनच विचारलं,

"मझार येऊ का व माय?" आत येऊ का गं माय?

आतून मणिबा म्हणाल्या, "ये ना व, ये. बस." आणि दोघी त्या उघड्या घरात, गाळावर, मांडीला मांडी लावून बसल्या. ट्रकवाल्याने तीनदा हॉर्न दिला. चौथ्यांदा दिला नाही.

मणिबांना नवापूरहून सुरतेकडच्या गाडीत बसवून आम्ही घाट चढलो. त्यानंतर त्या आम्हाला दिसल्या नाहीत. त्या वर्षी आमच्याकडे पाऊस चांगला झाला, इतका की श्रावणात पांझरेला दोन्ही थड्या भरून पूर आला. सगळं गाव काठावर जमलं. बायकांनी ओट्या भरल्या, पोरं नाचली, माय हसत होती, नानांना दिवाळीचं काम आत्ताच येऊ लागलं होतं. अक्का आमच्या बाजूला उभी होती. गढूळ पाणी उगवतीकडे धावत होतं. त्याच्याकडे बघत ती कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली,

"मणिबानं घर बुडनं व्हई आते."

मणिबाचं घर आता बुडालं असेल.